सगुणीचं माहेर

इल्फर्ड, लंडन,
१४ सप्टेंबर २०२५

ती. दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? इथं सप्टेंबर म्हणजे एमओटीची, गाड्यांच्या वार्षिक तपासणीची गर्दी, गॅरेजमध्ये मान वर करायला सवड नाही. तरी हातानं लिहितोय, कारण फोन तू ठेवून देतोस.

कुलवृत्तांताचं प्रूफ मिळालं. छपाई देखणी आहे. माझा फोटो बघून मंजिरी म्हणाली, "अहो, हे तुम्हीच ना?"

पण पान अकरा. 'सदाशिव यांच्या मातोश्री सगुणाबाई, माहेर साताऱ्याकडील प्रतिष्ठित घराणे.' हे माहेर कुठून आणलंस, दादा?

आमच्या लेकीनं, देविकानं, दप्तरखान्यातून मिळवलेले कागद मी तुला जूनमध्येच पाठवले होते. मोडी वाचणाऱ्या बाईंनी दोनदा तपासलेत. विक्रीच्या कागदात, 'पोरगी नामे सगुणी, उमर वर्षे नऊ, रुपये पन्नास.' बापाचं नाव नाही, गाव नाही. पुढं तीस वर्षांनी, विकत घेणाऱ्या त्याच घराच्या खानेसुमारीत, म्हशींच्या वरच्या ओळीत, 'कुणबीण सगुणी एक, तिचा लेक सदू एक.' कुणबीण म्हणजे विकत घेतलेली दासी. आणि तो सदू म्हणजेच आपला मूळपुरुष सदाशिव.

लेकीचं, अक्षयाचं लग्न ठरतंय, लोक काय म्हणतील, हे तुझं म्हणणं. दादा, मी जन्मभर इंजिनं ऐकत आलोय. बॉनेट उघडायच्या आधी बिघाड कळतो मला. जूनमध्ये फोनवर मी सगुणीचं नाव घेतलं, तेव्हा तू 'कोण सगुणी' असं विचारलंच नाहीस. थेट फोन ठेवून दिलास. अण्णांनी तुला सांगून ठेवलं असणार, थोरला लेक म्हणून.

मीही काही साव नाही. 'आम्ही सरदारांच्या पदरचे' म्हणून मंजिरीच्या वडिलांपुढं मीच मिशीला पीळ दिला होता. परवा तिला खरं सांगितलं. हसेल वाटलं होतं. "मग त्या बाईचं नाव घरात कधीच कसं नाही घेतलं?" म्हणाली. मी चहा ठेवायला उठलो.

हट्ट सोडला नाही तर इल्फर्डची शाखा वगळीन म्हणतोस. खुशाल वगळ, फोटोसकट. सगुणीनं सदूला जगवला म्हणून आपण दोघं आज अकराव्या पानावरून भांडतोय. पोर विकणाऱ्यानं लाज वाटून घ्यावी, विकत घेणाऱ्यानं वाटून घ्यावी. मी का म्हणून घेऊ? ती आहे तशी छापली, तरच माझं नाव त्या पुस्तकात राहील.

आता टाळत होतो ते. तुझ्या अक्षयाचा मला फोन आला होता. "काका, बाबा काहीतरी लपवतायत." मी दोन्ही कागद तिला पाठवले, तुला न विचारता. चूक म्हण हवं तर, मागे घेणार नाही. अठ्ठावीस तारखेच्या रविवारी ती ते घेऊन तुझ्यासमोर बसणार आहे. "बाबा चिडतील," मी तिला सांगितलंय, "पण तुझ्या तोंडावर खोटं बोलणार नाहीत." तुझ्या वतीनं दिलेला शब्द आहे, दादा.

तुझा धाकटा, त्याच बाईच्या वंशाचा,
नंदू