अंगठ्याखालचं ‘कै.’

तीर्थस्वरूप भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा व्यक्त करून पत्र सुरू करायची रीत आहे. यावेळी नुसत्या आशेवर माझं भागणार नाही. आपण उत्तम आहात असं उलट टपाली, स्वतःच्या सहीने कळवावं, कारण गेल्या पंधरवड्यात आपल्या प्रकृतीबद्दल गावभर जे पसरलं ते माझ्यामुळे पसरलं. ताईचे गुडघे कसे आहेत? तिच्या रागाची चौकशी करत नाही. परवा तिने फोन उचलला, माझा आवाज ऐकला आणि एक अक्षर न बोलता खाली ठेवला, त्यावरून राग ठणठणीत आहे एवढं समजलं. इकडे मी बरा आहे. म्हणजे उजवा हात सोडून बाकीचा मी बरा आहे.

त्या हाताचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. (हा भाग ताईला वाचून दाखवू नये.) गेलं वर्षभर माझा उजवा हात थरथरतो. फार नाही, पण मी पडलो छापखान्यात पानं लावणारा माणूस, माझं सगळं पोट त्या हातावर. एकतीस वर्षं एकाच टेबलाशी बसतोय (पहिली नऊ वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले, मग खिळे भंगारात गेले आणि कॉम्प्युटर आला, टेबल मात्र तेच राहिलं), आणि ज्या दिवशी मालकांना हा हात दिसेल त्याच्या दुसऱ्या दिवशी तिथे दुसरं कोणीतरी बसलेलं असेल, हे मला लख्ख दिसतं. घरी बसून मी करू काय, भाऊजी? मला दुसरं काही येत नाही. म्हणून हात लपवायला लागलो. चहा डाव्या हाताने प्यायचा. सही करायची वेळ आली की चष्मा घरी विसरायचा. मालक आले की हात खिशात. एवढं सगळं जमवलं, पण माऊसच्या वायरने दगा दिला. हात थरथरला की ती वायर टेबलाच्या पत्र्याच्या कडेवर वाजायची, टकटक, टकटक. समोरच्या टेबलावर आमचे मुद्रितशोधक बसतात, म्हणजे छापण्याआधी कागदावरच्या चुका शोधणारे गृहस्थ (आम्ही त्यांना वेलांटीमास्तर म्हणतो; माणूस देवमाणूस आहे, पण नको तिथे नाक फार खुपसतो). ते एकदा मान वर न करता म्हणाले, पाल कुठे चुकचुकतेय जरा बघा हो. मी गंभीरपणे छताकडे बघितलं. मग त्यांनीही बघितलं. त्या दिवशी आम्ही दोघं संध्याकाळपर्यंत अधूनमधून छताकडे बघत होतो.

म्हणून बिनवायरचा माऊस. आपल्या ठमीला मी एवढंच विचारलं होतं की वायर नसलेला माऊस कुठला घ्यावा. तर तिने कॉलेजच्या स्पर्धेत बक्षीस मिळालेला, खोकंसुद्धा न उघडलेला, खेळाचा माऊस माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, मामा, हा घे, याच्यासारखा दुसरा नाही. (ज्या खेळात तिला हे बक्षीस मिळालं त्यात तिने एका दुपारात एकशे चाळीस माणसं मारली, असं तिने अभिमानाने सांगितलं. आपली मुलगी आहे, आपल्याला माहीत असेलच.) खोक्यातून जे निघालं ते पाठीला पोक आलेल्या काळ्या कासवासारखं होतं. त्याला सात बटणं. मी आयुष्यभर दोन बटणांवर सुखात होतो. शिवाय चालू केलं की त्याच्या पोटात लाल, हिरवा, जांभळा असे आळीपाळीने दिवे लागायचे. आमच्याकडे दिवसातून पाचसहा माणसं निधनाची बातमी छापायला घेऊन येतात, रडून डोळे सुजलेले असतात, आणि त्यांच्यासमोर आपण जांभळा उजेड पाडत बसायचं, हे मला बरं वाटेना. मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. मग उजेड फटींतून यायला लागला. शेवटी ठमीने फोनवरून ते दिवे कुठून बंद करायचे ते सांगितलं, सोबत मला काय काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

दिवे मिटले आणि खरी परीक्षा सुरू झाली. तो माऊस इतका चपळ, की हात नखाएवढा हलला तरी पडद्यावरचा बाण या टोकाहून त्या टोकाला. वायर होती तेव्हा थरथर नुसती ऐकू यायची, आता ती पडद्यावर हातभर लांब दिसायला लागली. जी गोष्ट झाकायची तीच मोठी करून दाखवणारं यंत्र मी आपणहून टेबलावर आणून ठेवलं होतं. पुन्हा ठमी. तिने वेग कमी करायचं बटण दाखवलं, आणि मी तो कमी करत करत अगदी तळाला नेला. आता बाण बैलगाडीने निघाल्यासारखा जायचा. पानाच्या डोक्यापासून पायापर्यंत पोचायचं तर माऊस टेबलाच्या कडेपर्यंत ओढायचा, उचलायचा, मागे आणायचा, परत ओढायचा. आमच्या कागद कापणाऱ्या कटिंगवाल्याने जाता जाता विचारलं, साहेब, इस्त्री करताय का? पण भाऊजी, थरथर गेली! इतक्या सावकाश चालणाऱ्या बाणाला बारीकसारीक धक्के जाणवेनातच. त्या दिवशी मी एका पानाभोवती चौकट आखली आणि ती चौकट चारी बाजूंनी सरळ होती. मी किती तरी वेळ नुसता तिच्याकडे बघत बसलो. डोळ्यांत पाणी आलं. वर्षभरात पहिल्यांदा वाटलं की निवृत्तीपर्यंत आता रेटून नेता येईल.

इथेच थांबलो असतो तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. पण माणसाची हाव. ठमीने सांगितलं होतं की अंगठ्याखाली जे बटण आहे त्याला एखादा शब्द शिकवून ठेवता येतो, मग बटण दाबलं की तो शब्द आपोआप उमटतो. तू सगळ्यात जास्त वेळा काय लिहितोस, मामा? मी प्रामाणिकपणे विचार केला. निधनाचा मजकूर घेऊन येणारी घरची माणसं सवयीने ‘श्री.’च लिहून आणतात. अजून ‘कै.’ लिहायला त्यांचा हात होत नाही. ते काम माझ्याकडे येतं. ‘श्री.’वर दोनदा टिचकी मारायची, पुसायचं, ‘कै.’ लिहायचं, दिवसातून पाचसहा वेळा मी हे करतो. म्हणून अंगठ्याखालच्या बटणाला मी ‘कै.’ शिकवलं. दोनदा टिचकी, एकदा अंगठा, माणूस गेला. पहिले चार दिवस काम असं झरझर झालं की मालकसुद्धा म्हणाले, वा.

पुढे जे झालं ते आपल्यासारख्या जाणत्या माणसाने आधीच ओळखलं असेल. बोटं शांत झाली, पण हाताची सगळी थरथर अंगठ्यात जाऊन बसली, आणि अंगठा त्या बटणावर. मला पत्ताच नाही. एका पतपेढीच्या नव्या संचालक मंडळाची यादी लावली, अकरा जण, त्यांतले चार तपासणीत ‘कै.’ निघाले. वेलांटीमास्तरांनी तो कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, हे निवडून आले की वर गेले? मी म्हटलं, गडबडीत झालं. त्यांनी लाल शाईने चौघांना जिवंत केलं आणि विषय तिथेच संपला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं नाही असंही नाही. पण हात बरा दिसतोय या आनंदात मला काही कळून घ्यायचंच नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात आपल्या सत्काराची निमंत्रणपत्रिका आली. चाळीस वर्षं चित्रकला शिकवलेल्या मास्तरांचा त्यांच्याच विद्यार्थ्यांनी केलेला सत्कार, आणि पत्रिका लावायला मिळालेली मेहुण्याला. मी ती जीव ओतून लावली. आपल्या नावाआधीचं ‘श्री.’ थोडं ठसठशीत करावं म्हणून त्यावर दोनदा टिचकी मारली. (बाकी सांगत नाही. आपलं नावही इथे लिहीत नाही. माझ्या हातून त्या नावाचं एकदा जे झालं तेवढं पुरे.) वेलांटीमास्तरांनी तपासायला कागद मागितला, तर मी म्हटलं, राहू द्या हो, घरचं काम आहे, डोळ्यांत तेल घालून लावलंय. अडीचशे पत्रिका छापल्या आणि दुसऱ्या दिवशी टपालात पडल्या.

त्यानंतरचं सगळं आपण माझ्यापेक्षा जवळून भोगलंत. सांत्वनाचा पहिला फोन आपणच उचललात, आणि समोरच्याने आपल्यालाच धीर दिला, हे ठमीकडून कळलं. बऱ्याच जणांना मरणोत्तर सत्कार असेल असं वाटलं, पण खाली ‘साडेसहा वाजता सत्कारमूर्तींचे मनोगत’ वाचून ते कोड्यात पडले. त्यांतले काही केवळ त्यासाठी येणार आहेत असं ऐकतो. आपल्या शाळेने दोन मिनिटं शांतता पाळली. त्या दोन मिनिटांत मुलं खरोखर शांत राहिली म्हणे, जे आपल्या तिथल्या चाळीस वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. आणि नेमके तेव्हाच आपण भाजीची पिशवी घेऊन फाटकावरून गेलात. शिपायाच्या हातातून घंटेचा हातोडा सुटला तो अजून सापडलेला नाही. भाऊजी, मी हे हसण्यावारी नेत नाही. रोज सकाळी उठलो की पहिल्यांदा हेच आठवतं.

पण मला जाळतं ते दुसरंच. मालकांनी आम्हा दोघांना आत बोलावलं, पत्रिका टेबलावर आपटली आणि विचारलं, हे कोणाचं काम? मी बोलायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात वेलांटीमास्तर म्हणाले, माझी नजर चुकली. त्या माणसाने तो कागद बघितलासुद्धा नव्हता! मी उघडलेलं तोंड मिटलं. मालक म्हणाले, मग पहिल्या तारखेपासून तुम्ही घरीच बसा, शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर मी आणतोय. (‘कै.’ हे शुद्धलेखनाच्या दृष्टीने बरोबरच आहे. ते सॉफ्टवेअर अख्खं गाव मारू देईल.) बाहेर आल्यावर मी विचारलं, असं का बोललात? ते म्हणाले, टकटक बंद झाली तेव्हा मला वाटलं तुमचा हात बरा झाला, म्हणून मीच कागद सोडला, म्हणजे नजर माझीच चुकली. त्यांना वर्षभर सगळं माहीत होतं, भाऊजी. पाल नव्हती हेही माहीत होतं. मला माझी इतकी लाज वाटली की मी हात खिशातून काढला आणि त्यांच्यासमोर तसाच धरला. ते आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

पहिल्या तारखेला आठ दिवस राहिलेत. मालकांपुढे खरं बोललो तर माझं टेबल जातं, नाही बोललो तर त्यांचं. माऊस खोक्यात परत भरून ठेवलाय. हाताची काळजी करू नये, डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल पाय धरून क्षमा मागतो. ताईला नमस्कार, ठमीला आशीर्वाद.

आपला,
मेहुणा म्हणवून घ्यायला लाजणारा

ता. क. : हे अक्षर माझं नाही, हे चित्रकलेच्या मास्तरांनी पहिल्याच ओळीला ओळखलं असेल. मी सांगतोय आणि वेलांटीमास्तर लिहून घेत आहेत. नाक खुपसण्याबद्दल त्यांनी हरकत घेतली होती, पण मी मग ‘देवमाणूस’ही गाळायला सांगितल्यावर दोन्ही ठेवायला तयार झाले.

ता. क. २ : मुख्य काम राहिलंच. रविवारी मालक नव्या पत्रिका घेऊन क्षमा मागायला आपल्या घरी येणार आहेत. तेव्हा आपण एवढंच सांगावं की आपणच दिलेल्या मूळ कागदावर ‘श्री.’ असं वळणदार काढलं होतं की ते ‘कै.’ वाचलं जावं. कलावंत माणसाचं अक्षर म्हणून मालक मान्य करतील. म्हणजे चूक ना लावणाऱ्याची ना वाचणाऱ्याची, आणि दोन्ही टेबलं वाचतील. एका माणसाच्या भाकरीसाठी एवढं खोटं बोलावंच.

ता. क. ३ (लेखनिकाकडून) : ते पाकीट आणायला खाली गेले आहेत, म्हणून घाईने लिहितो. रविवारी आपण खोटं बोलू नये. मालकांना खरं काय ते यांनीच सांगायला हवं, आणि ते सांगतील. काल दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले. माझ्या भाकरीचं मी बघेन. डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आले हे त्यांनी वर लिहवून घेतलं ते शब्दशः बरोबर आहे. दोन्ही वेळा मी सोबत होतो, आणि दोन्ही वेळा नाव पुकारल्यावर ते बाकावरून उठून सरळ घरी गेले. त्यांना हाताची भीती नाही, त्या आजाराचं नाव ऐकायची भीती आहे. चूक छपाईआधी सापडली तर काहीतरी करता येतं, एवढंच मला कळतं. मंगळवारी सकाळी अकराची डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आपला शब्द ते मोडत नाहीत, म्हणून आपण स्वतः यावं. दहालाच या, त्यांना घराबाहेर काढायला तेवढा वेळ लागतो.