काटे दिसेपर्यंत

४ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मी खुशाल. काम मात्र अडलंय. आमच्या प्रयोगशाळेत मधातले परागकण ओळखतात. आमच्या प्रमुख बाई त्यांचं सचित्र पुस्तक करताहेत. वीस तारखेपर्यंत सूक्ष्मदर्शकातून सहा स्पष्ट फोटो दिलेस तर फोटोचं काम तुझं, नाहीतर पुन्हा बाटल्यांना लेबलं लावायला बस, असं त्यांनी हसतहसत सांगितलं. हसल्या त्या एकट्याच.

सूर्यफुलाच्या परागकणावर काटे असतात. माझ्या फोटोत तो लोकरीचा गुंडा दिसतो. पंखा बंद केला, टेबलाच्या पायांखाली रबर घातलं, बटणाला हात न लावता टायमरवर फोटो काढले. गुंडा तो गुंडाच. बत्तीस वर्षं स्टुडिओ चालवलास, काहीतरी सुचव ना.

तुझ्या मायेची हक्कदार,
ठकू

८ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. उ. आ.

अगं, एवढंच ना? उजेड येतो ते भोक लहान कर. जितकं लहान, तितकं चित्र नेटकं. याच युक्तीने तुझ्या बाबाच्या वर्गाचा फोटो काढला होता. शेवटच्या रांगेतल्याचं शेंबडं नाकसुद्धा स्पष्ट आलं होतं. तो तुझा बाबाच. तुझ्या यंत्रातही असं भोक असेलच. घट्ट मिट आणि बिनधास्त काढ.

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
आत्या

१३ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तू सांगितलंस तसंच केलं. काम ठीक चाललंय. हवा बरी आहे. तब्येतीला जप.

ठकू

१६ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. उ. आ.

जी पोरगी चप्पल तुटली तरी दोन पानं लिहिते, ती हवा बरी आहे म्हणून थांबते, म्हणजे पाणी मुरतंय. माझा उपाय फसला ना? फसला तर फसला म्हण. माझं मन राखायला लेबलं चिकटवत बसलीस तर कान धरायला मी स्वतः येईन, आणि माझे गुडघे जिन्यावर काय म्हणतात ते तुला ठाऊक आहे. चार दिवस उरलेत. माझं ऐकू नकोस, यंत्राचं ऐक.

रागावलेली, पण तुझीच,
आत्या

२१ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कान धरून लिहिते. भोक मिटल्यावर गुंड्याला काळी जाड किनार आली आणि काटे दुहेरी दिसू लागले. तरी पाच दिवस ते उघडलं नाही. आत्याचं चुकेल कसं, माझाच हात वाईट असणार, असं वाटत राहिलं.

तुझं पत्र वाचलं आणि तडक ते पूर्ण उघडलं, तर सगळं पांढरंफटक. मग डोळा लावायचं भिंग काढून नळीत डोकावले. आत उजेडाचं वर्तुळ दिसतं. ते पाऊण भरेल इतकंच भोक ठेवलं, भिंग परत बसवलं आणि फोकसचं बटण केसाकेसाने फिरवत गेले. एकेक काटा उभा राहिला, आत्या! साऱ्या कणाचे काटे एकदम येत नाहीत. कडेचे धरले की वरचे सुटतात. मी कडेचे धरले.

बाईंनी सहाही फोटो खिडकीशी नेऊन पाहिले. उद्यापासून लेबलं दुसऱ्या कुणाकडे, एवढंच म्हणाल्या. एक प्रत सोबत आहे. रागावली नाहीस ना?

ठकू

२५ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. उ. आ.

फोटो पाहिला. काटे मोजायला बसले, चष्मा बदलून पुन्हा मोजले. लहान भोक माणसांच्या फोटोंना चालतं, एवढ्याशा कणाला नाही, हे अडुसष्टाव्या वर्षी कळलं. तुझ्या बाबाला फोनवर सांगितलं, तर त्याला खोकला येईपर्यंत हसू आवरेना. हसू दे.

राग कसला? बत्तीस वर्षांत गिऱ्हाइकं भांडली, नातेवाईक रुसले, पण माझं चुकलं असं पुराव्यासकट कुणी पाठवलं नव्हतं. ते तू केलंस. पोरगी कामाला लागली म्हणायची.

माझं आणखी काय काय चुकतं, तेही कळव. मात्र एका पत्रात एकच चूक. जुनं मन आहे, हळूहळू उघडायला हवं.

माया होती तेवढीच आहे, वर थोडा अभिमान.

तुझी,
आत्या