खड्ड्यातला आवाज

४ मे, सोमवार, सकाळ

पद्मजा मानवतला गेली. माहेरी. नऊच्या एसटीनं. मी फक्त एवढंच विचारलं होतं, की दिवसभर घरात तुला काम तरी काय असतं? साधा प्रश्न. उत्तर द्यायचं सोडून बाईनं बॅग भरली. न्यायला आलात तरच येईन म्हणे.

ठराव: फोन करायचा नाही. न्यायला तर मुळीच जायचं नाही. पहाटे उठून देवगाव फाट्याच्या रस्त्यानं फिरायला जायचं. चहा बिनसाखरेचा.

तसंही बरंच झालं. शाळेला सुट्टी आहे, आणि रविवारी वाचनालयात माझं भाषण. विषय अध्यक्ष आबासाहेबांनी दिलाय: झपाटलेल्या घराची कादंबरी वाचकाला एवढी का धरून ठेवते? पुस्तकही त्यांनीच दिलं. आधी आमच्या हेडमास्तरांना विचारलं होतं, ते नाही म्हणाले, पण ते असो. सेलूत या विषयावर अधिकारानं बोलणारा दुसरा आहे कोण?

४ मे, संध्याकाळ

चाळीस पानं झाली. एक बाई लग्न होऊन मोठ्या घरात येते. घरात आवाज होतात. ऐकू फक्त तिलाच येतात. भूत एकदाही दिसत नाही. नवरा म्हणतो, तुझ्या मनाचे खेळ आहेत. नवरा मला पटला. समंजस माणूस.

भाषणाचा मुद्दा पहिला: भीती घरात नसते, रिकाम्या डोक्यात असते.

५ मे, मंगळवार

फिरायला गेलो नाही. ऊन फार लवकर चढतं. खिचडी खालून करपली. वरची खाल्ली.

पुस्तक मुद्दाम भर दुपारी घेतलं. उजेडात मन शास्त्रीय राहतं. बाई जिन्यात उभी, कान भिंतीला लावलेला. आणि नेमकं आमच्या परसातून टण्ण! मग टणटणटण. मग घळघळ, कुणी घशात पाणी धरून बोलतंय तसं. खिडकीतून पाहिलं. परसात कुणी नाही. आवाज जमिनीखालून येत होता. जमिनीखालून!

गल्लीतही एकदम पळापळ, बायकांची ओरड. म्हणजे त्यांनीही ऐकलं.

घाबरलो नाही. निरीक्षणाला अंतर लागतं, म्हणून पुढच्या दारानं निघून स्टेशनाजवळच्या हॉटेलात बसलो. दोन चहा. साखरेचे. दिवे लागल्यावर परतलो तर सगळं चिडीचूप.

दारातच शेजारच्या बायनाबाई. नळ आलते, पाणी भरलं का सर, म्हणाल्या. लय पाणी होतं म्हणे आज. या बाईला पाण्याशिवाय विषय नाही. आमची टाकी रिकामी झालेली मी लग्न झाल्यापासून पाहिली नाही. वास्तूच चांगली आहे.

६ मे, बुधवार

पुस्तक खाली ठेववत नाही, आणि घेऊन एका जागी बसवतही नाही. खुर्चीवरून पलंगावर, पलंगावरून ओट्यावर, परत खुर्चीवर. दर पानाला एकदा परसात बघतो. कारण पूर्णपणे साहित्यिक.

मुद्दा दुसरा: चांगली कादंबरी कान उघडते. आमचा फ्रिज असा कण्हतो हे मला माहीतच नव्हतं. पंखासुद्धा काहीतरी सांगायलाय असं वाटतं. पद्मजाला विचारायला हवं, हे रोजचंच आहे का. पण फोन करायचा नाही.

७ मे, गुरुवार

बाथरूमचा नळ सोडला. खर्रर्र असा लांब श्वास, दोन थेंब, संपलं. किचनमध्येही तेच. घर माझ्यावर उलटलंय. आणि कादंबरीत याच पानावर घर नवऱ्यावर उलटतं!

अंघोळ रद्द. दाढी राहू द्यायची. वक्त्याला दाढी शोभते. प्यायला जार मागवला.

बायनाबाईंनी विचारलं, वैनी कदी येणार? म्हटलं, मीच विश्रांतीला पाठवलंय तिला. बाई फिदीफिदी हसल्या.

८ मे, शुक्रवार

फोन केला. भाषणासाठी. घरातल्या आवाजांवर स्त्रियांचं मत घ्यावं म्हणून. परत बोलवायला नव्हे.

जेवलात का, म्हणाली. हो म्हटलं, दोनदा. तेवढ्यात परसातून टण्ण! माझा सगळा धीर गेला. पद्मजा, घरात काहीतरी आहे, ऐक, असं ओरडून मोबाइल खिडकीबाहेर धरला.

पलीकडून तीच ओरडली: अहो, पाणी आलंय! नळाच्या खड्ड्यातलं ताट वाजायलंय! फरशी सरकवा, ताट काढा, पाईप जोडा, मोटर लावा!

फरशी सरकवली. खाली कमरेइतका खड्डा. तळाशी नळ, आणि नळाखाली आमचं पोचे गेलेलं ताट, पालथं. प्रेशर कमी असतं म्हणून नळ जमिनीखाली घ्यावा लागतो. हे सेलूत सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे, बाकी सगळ्यांना. पाईप सापडून मोटरचं बटन सापडेपर्यंत पाणी गेलं.

परत फोन लावला. ताट कोण ठेवतं, विचारलं. मीच, म्हणाली. नळाचा काही नेम नसतो, पहाटे येतो, दुपारी येतो. ताट वाजलं की उठायचं. इतकी वर्षं तेच करतेय. तुम्हाला कधी ऐकूच आलं नाही.

रागावून बोलली असती तर बरं झालं असतं.

९ मे, शनिवार

कादंबरीतल्या नवऱ्याची पानं पुन्हा वाचली. गाढव आहे.

आबासाहेबांना फोन केला. घसा बसलाय, भाषण जमणार नाही म्हटलं. काही हरकत नाही म्हणाले. तसंही रविवारी हॉल लग्नाच्या जेवणाला दिलाय, मला सांगायचं राहून गेलं होतं.

१० मे, रविवार, मानवत

पहिल्या एसटीनं निघालो. ठराव: रुबाबात जायचं, मोजकं बोलायचं, दुपारच्या गाडीनं तिला घेऊन परत.

गाडीत शेवटचं पान वाचलं. दार उघडं असतं, पण बाई घर सोडत नाही. ती गेली तर ऐकणार कोण? पुस्तक मला का सोडत नव्हतं ते आत्ता कळलं: आमच्या घरातलं ऐकणारं माणूस निघून गेलं होतं. पण हे सांगायला कुणीच नाही. शेजारचा प्रवासी घोरत होता.

दारात पद्मजाच उभी. रुबाबाचं वाक्य विसरलो. चुकलं माझं, एवढंच निघालं. ती माझ्या दाढीकडे बघत राहिली. उद्या येईन म्हणाली. आज झोपायचंय. आणि जेवणानंतर पंख्याखाली चटई टाकून खरंच झोपली. भर दुपारी झोपलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

इथंही नळ खड्ड्यातच. ताट मी ठेवलं. आधी सरळ ठेवलं होतं, मेहुणीनं पालथं करून दिलं. मी परसदारी वही घेऊन बसलोय. कान तिकडेच. जरा कुठं वाजलं की दचकतो.

दुपार, नंतर

टण्ण!

सगळं घर झोपलेलं. पद्मजा अर्धवट डोळे मिटून उठायलाच लागली होती, सवयीनं. उठू नको, म्हटलं. मला ऐकू आलंय. पाईप कुठं असतो, तेवढं सांग.