लाल पिकअपमधून पाठवलेला मुराळी

जळोची,
आखाड सरता सरता

तीर्थस्वरूप बनाआक्कास धाकट्या गोकुळचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहेत (म्हणजे अनिता आणि मुलं खुशाल आहेत, माझं पुढे येईलच). तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला थांबला का? तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितो आहे. दहावीच्या पेपरानंतर सलग इतकं लिहिण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्या पेपराचं काय झालं ते तुला माहीत आहे.

आक्का, तुझं गाणं आमच्या गावात येऊन पोचलं. कसं पोचलं आणि मला कुठं लागलं, ते सविस्तर सांगतो.

आमच्या आळीतल्या बायकांच्या बचत गटाने यंदा पंचमीच्या आधी फेराच्या गाण्यांची स्पर्धा ठेवली, आणि परीक्षक म्हणून मला बोलावलं. का, तर दोन वर्षांपूर्वी मी जत्रेतल्या हलगीवाल्यांचे व्हिडिओ काढले होते, आणि तेव्हापासून मी लोकसंगीतातला जाणकार आहे असं गावात एक जण मानतो (तो एक जण मी). पहिल्या बक्षिसाची साडीही मीच दिली. फेटा बांधून, अत्तर लावून, वही-पेन घेऊन पुढच्या खुर्चीवर बसलो. तीन गट गाऊन गेले, मी मान हलवून गुण दिले. मग भिमाची नवी सून सुप्रिया, तुमच्या कळंबजवळच्या शेळगावची, तिचा गट आला. फेर धरला आणि गाणं सुरू झालं:

पंचमीचा सण बाई, उभी मी गं उंबऱ्यात
भाऊ माझा गुंतलाय ढबू मिरचीच्या बाजारात
मुराळी म्हणून धाडला लाल पिकअपचा डायवर
साडी माझी उतरवली मिरचीच्या क्रेटवर

आता तू म्हणशील, ढबू मिरची आपली, लाल पिकअप आपली, एवढं ऐकून दगडालाही कळलं असतं. दगडाला कळलं असतं, मला नाही कळलं. सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो. शेजारच्या सोपानला कोपर मारून म्हणालो सुद्धा, की काय निर्लज्ज भाऊ असेल एकेकाचा, पंचमीला बहिणीला आणायला स्वतः जायचं सोडून ड्रायव्हर पाठवतो. सोपान माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, त्याला गाण्यातलं कळत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण माईक समोर होता. (माईक दिसला की माझं काय होतं ते तू माझ्याच लग्नात पाहिलं आहेस.) मी उठून सांगितलं की माता-भगिनींनो, हे गाणं किमान दोनशे वर्षं जुनं आहे. मूळ गाण्यात 'लाल पिकअप' नसून 'लाल पालखी' असणार, आणि ढबू म्हणजे मिरची नव्हे, पूर्वीचा ढबू पैसा. असा ठेवा जपल्याबद्दल पहिलं बक्षीस याच गटाला, असं जाहीर करून साडी सुप्रियाच्या हातात दिली. पोर गुणाची. खाली मान घालून म्हणाली, "मामा, शेवटचं कडवं ऱ्हायलंय." मी मोठ्या मनाने म्हणालो, होऊन जाऊ दे.

गाव त्याचं जळोची गं, नाव त्याचं गोकुळ
बहिणीच्या दारी येता दुखतंय त्याचं पाऊल

हे कडवं एकट्या सुप्रियाने म्हटलं नाही, आक्का. सगळ्या मांडवाने म्हटलं. सगळ्यांना पाठ होतं. टाळ्या वाजवत सर्वांत पुढे अनिता होती. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, मला दोन वर्षांपासून येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्याशी भांडायला निघालो. मोटरसायकलला रागारागाने किक मारली, ती उलटी बसली आणि पाय मुरगळला. तसाच लंगडत कळंबच्या स्टँडवर चहाला थांबलो. हॉटेलवाल्याने विचारलं, कुणाचं पाव्हणं? बनाबाईचा भाऊ म्हणालो. त्याने माझ्या पायाकडे बघितलं आणि किटली खाली ठेवून म्हणाला, "म्हंजी खरंच दुखतंय व्हय? आमाला वाटलं गाण्यातच हाय." बाकावरचे चार लोक उठून पाय बघायला आले.

तेवढ्यात खुद्द आपले दाजीच तिथे आले. त्यांनी मला कोपऱ्यात नेलं, दुसरा चहा सांगितला. मी तुझ्याबद्दल तक्रारीचा पाढा वाचला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गोकुळराव, पंचमीच्या आदल्या दिशी भावाचा उपास असतोय. तुमी न्यायला यायचं सोडल्यापासनं ह्या सात वर्सांत तिनं तुमचा उपास एकदा बी चुकवला न्हाय. चतुर्थीला दिसभर उपाशी ऱ्हाती, तुमाला औक्ष मागती, आन् दुसऱ्या दिशी फेरात तुमची अब्रू काढती."

मला खरंच वाटत होतं की साडी पोचली म्हणजे भाऊ पोचला. ड्रायव्हरने तुझी सही घेतली आणि कागद मला आणून दिला, तो पाहून मी निश्चिंत झालो होतो. आक्का, मला लाज वाटली. भांडायला आलेल्याला मुराळी म्हणत नाहीत, म्हणून तुझ्या दारात न येता तसाच परत फिरलो. दाजींनाही शपथ घातली होती. त्यांनी ती पाळली असेल तर हे तुला नवीन असेल.

तेव्हा विचारतो, यंदा मी आलो तर येशील का? श्रावणातल्या तृतीयेला न्यायला येतो. चतुर्थीचा उपास आमच्या घरी धर. पंचमीला अनिता पुरणाची दिंडं करणार आहे, ज्वारीच्या लाह्या झाल्या आहेत, आणि आळीतल्या बायका तुझ्या नावाने आत्ताच फेर धरायला उभ्या आहेत. होकार कळव. दाजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
गोकुळ

ता. क. गाणं चांगलं आहे, मोडू नकोस. फक्त शेवटच्या कडव्यात गावाचं नाव बदलता आलं तर बघ. गोकुळ काय, कुठल्याही गावात असतो.

ता. क. २. हे पत्र टपालाने कधी पोचेल या भीतीने मी ते आपल्या पिकअपच्या ड्रायव्हरकडे देत होतो. अनिताने त्याच्या हातातून काढून घेतलं आणि मला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तात्पर्य, पत्र अजून माझ्याच खिशात आहे.

ता. क. ३. श्रावण शुद्ध तृतीया, सकाळ. हे तुझ्या अंगणात उभा राहून लिहितो आहे. आता दाजींच्या हातून पत्र आत पाठवतो, कारण तोंडाने बोलायला गेलो की मी भलतंच बोलतो. बरोबर आखाडातल्या कापण्यांचा डबा आहे (अर्धाच भरलेला, वाट लांबची होती). रागवायला जेवढा वेळ लागेल तेवढा घे. तुला घेतल्याशिवाय मी जाणार नाही.