शिखरावरून उतरताना

८ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. पडदे मापात बसले हे वाचून जीव भांड्यात पडला. फोनवर माप घेऊन पडदे शिवायचे म्हणजे अंधारात दोरा ओवायचा. दुकानात सध्या नवीन शिवण नाही, पँटी आखूड करणं आणि चेन बदलणं एवढंच चाललंय. तुमचे भाऊ बरे आहेत. घरीच आहेत.

घरीच का, ते फोनवर सांगता आलं असतं, पण ते शेजारच्या खोलीत असतात. आधी मागच्या रविवारचं सांगते.

हे चालवतात ती शाळेची बस रविवारी उभी असते. यांनीच काढलं, "चल, शिखरावर जाऊन येऊ. जेवायला घरी." नाव शिखर, पण वाट अगदी साधी. लोक नातवंडांना घेऊन जातात, म्हातारे काठी टेकत जातात. चढताना मला धाप लागली तर हे पुढे उभे राहून म्हणतात, "मशीनचं पायडल मारून मारून पायातला जोर संपला वाटतं." वर भरपूर वारा होता. आम्ही संत्री खाल्ली. हे खाली आपलं घर शोधत होते, त्यांना सापडेना. मी बोट दाखवलं तरी म्हणाले, "हां, ते काय."

उतरताना एक टप्पा अरुंद आहे. उजवीकडे कातळ, डावीकडे उतार. कडा नाही, पण घसरलं तर मध्ये अडवणारं फार काही नाही. दोघं शेजारी जेमतेम मावतात. मी डावीकडून चालले होते. हे दुसऱ्या दिवशीच्या सहलीबद्दल सांगत होते. सहावीची मुलं, घाटाच्या रस्त्याने तलावापर्यंत, आणि नवी मोठी बस यांच्याच ताब्यात दिली होती. स्वारी खुशीत होती.

माझा पाय खडीवरून सटकला. पोटावर आपटले, श्वासच गेला, ओरडणार कशी? घसरत गेले आणि एक झुडूप हाताला लागलं ते धरून राहिले. पडल्याचा आवाज वाऱ्यात विरला असेल. पण ताई, त्यांच्यापासून हातभर अंतरावरून मी नाहीशी झाले आणि हे बोलतच राहिले. "तुलाही नेलं असतं गं, पण शाळेला विचारावं लागेल." मला खालून त्यांची पाठ दिसत होती. थोडं पुढे जाऊन हसले. "गप्प का? रुसलीस?"

मग थांबले आणि हाका मारायला लागले. तोवर मी रांगत वाटेवर आले होते. "बुटाची नाडी बांधत होते," असं म्हटलं. खोटं का बोलले, माझं मलाच कळलं नाही. तळहात सोलवटले होते, ते जाकिटाच्या बाह्यांत लपवले.

पायथ्याशी बाकावर बसलो. संत्र्याची एक फोड उरली होती. मी ती त्यांच्या डाव्या कानाजवळ धरली, हात हलवला सुद्धा. हे समोर बघत म्हणाले, "संपली वाटतं संत्री."

"डावीकडचं दिसत नाही ना तुम्हाला?"

त्यांनी बूट काढून आतली खडी झटकली. मग म्हणाले, "कडेकडेचं तेवढं. मान वळवली की दिसतं."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

"आणि डॉक्टर?"

"डॉक्टरकडे गेलो की बस गेली. आता थोडीच वर्षं राहिलीत. तू कुणापाशी बोलायचं नाहीस."

"उद्या घाट आहे."

"इतक्या वर्षांत माझ्या बसमध्ये एका पोराला ओरखडा आलेला नाही."

ते खरंच आहे, ताई.

परत येताना गाडीत मी डाव्या बाजूला बसले होते. गल्लीतून एक सायकलवाली बाहेर आली आणि यांनी वेग कमी केला नाही. मी किंचाळले तेव्हा ब्रेक दाबला. ती मुलगी बॉनेटवर हात आपटून, शिव्या देऊन निघून गेली. हे शांतपणे म्हणाले, "बघितलं होतं मी तिला."

संध्याकाळी हे अंघोळीला गेले. मी स्वयंपाकघरातला नळ मोठा सोडला आणि शाळेत गाड्यांचं काम बघणाऱ्या बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. माझं नाव घेऊ नका, एवढंही सांगितलं.

सोमवारी शाळेच्या फाटकातच त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली. सहल दुसऱ्या ड्रायव्हरने नेली. यांना तपासणीला पाठवलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब घालून टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. पण बस कायमची सुटली.

इथवरचं मी कुणालाही मान वर करून सांगेन. पुढचं सांगताना हात अडतोय.

बसमध्ये मुलांना सांभाळणाऱ्या मावशी तुम्हाला माहीत आहेत, यांच्याबरोबर कितीतरी वर्षं आहेत. मागे एकदा आरसा खांबाला घासला तेव्हा त्या यांना बोलल्या होत्या. यांनी धरून ठेवलं की मावशींनीच चहाडी केली. फोन करून त्यांना नको नको ते बोलले. "माझं अन्न काढलंत," इथपर्यंत. मी तिथेच भाजी चिरत होते.

परवा मावशी दुकानात आल्या. हातात नातीचा स्कर्ट, उंची कमी करायला. माप देता देता रडायला लागल्या. "मी नाही हो काही बोलले. तुम्ही तरी सांगा त्यांना." मी टाचण्या तोंडात धरून खाली बसले होते. तशीच बसून राहिले. "सांगते" एवढंसुद्धा म्हटलं नाही.

तेव्हापासून मशीनवर बसवत नाही. आता उठते आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवते. पाकीट त्यानंतर बंद करेन.

संध्याकाळ

वाचून दाखवलं. खाटेच्या कडेला बसून त्यांनी सगळं ऐकलं. मी वाचत झुडपापर्यंत आले तेव्हा त्यांनी माझे हात ओढून घेतले, उलटे करून खपल्या बघितल्या आणि सोडून दिले. शेवटी विचारलं, "तू खाली लटकली होतीस तेव्हा मी किती वेळ बोलत होतो?"

"थोडाच."

"खरं सांग."

मी खरं सांगितलं.

मग उठून बाहेर गेले आणि मावशींना फोन केला. दार उघडं होतं. "माझं चुकलं, मावशी," म्हणाले. "हिनेच सांगितलं शाळेत. बरोबर सांगितलं."

"बरोबर सांगितलं" हे मावशींना म्हणाले, मला नाही. माझ्याशी त्यानंतर एक शब्द बोललेले नाहीत. जेवण वाढलं, जेवले. थेंब मी घालते म्हटलं तर बाटली हातातून घेतली आणि आरशापुढे स्वतःच घालायला गेले. निम्मे गालावरून ओघळले.

तुम्हाला फोन करतील ते. त्यांचीच बाजू घ्या, माझी काही तक्रार नाही. फक्त थेंब चुकवायचे नाहीत, एवढं दटावून सांगा. लहानपणापासून तुमचंच ऐकत आलेत. माझं आता किती दिवस ऐकणार नाहीत, देव जाणे. मी रोज बाटली घेऊन उभी राहणार आहे.

तुमच्या भावाची बस बंद करणारी,
त्यांचीच बायको