हाताचा दोष

माय, परवा कवळीचं माप द्यायला परभणीला गेले होते. दवाखान्यात शेजारी एक तरुण बाई लेकीला घेऊन बसलेली. लेकीचं बसकं नाक, ओठांवर येणारी जीभ, सगळं आपल्या धाकट्यासारखं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर जबडा काढला, डाऊन सिंड्रोममध्ये वरचा जबडा लहान का राहतो ते सांगितलं, आणि त्या बाईनं मान हलवून पुढच्या खेपेला कधी येऊ एवढंच विचारलं. पाच मिनिटांत झालं सगळं. मला तिथं बसवेना. माप न देताच घरची बस धरली.

धाकटा झाला तेव्हा मी दहा वर्षांची. तू तापानं फणफणलेली, म्हणून बारा दिवस त्याला नुसतं पुसून घेतलं. न्हाऊ घालणारी तेराव्या दिवशी आली. तिनं टाळू भरली, नाक ओढलं, हनुवटी दाबली आणि म्हणाली, "उशीर केला बाई. कच्चं मडकं असतंय, पयल्या दिसापासून हात फिरला तर घडतंय." पुढं त्याची जीभ आत राहीना, दोन वर्षांचा झाला तरी दात दिसेनात, तेव्हा गल्लीनं हेच वाक्य धरलं. आणि तूही. त्यानंतर रोज सकाळी पाय लांब करून तू त्याला पायांवर घ्यायचीस, करडीच्या तेलाचा अंगठा तोंडात घालून टाळा वर दाबायचीस. तो आठ वर्षांचा झाला, त्याचे पाय तुझ्या पायांबाहेर जमिनीला टेकायला लागले, तरी तुझं थांबलं नाही. तो "नको, माय" म्हणून रडायचा. तूही रडायचीस, पण अंगठा काढायची नाहीस.

त्या वर्षी कापसाच्या वेचणीत त्याचा दात दुखायला लागला. तुला रान सोडता येईना, म्हणून मीच त्याला परभणीला नेलं. डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी तोंडात बोट फिरवलं आणि म्हणाले, "जीभ मोठी न्हाई पोरी, तोंडात जागा कमी हाय. वरचा जबडा असल्या लेकरांचा वाढतच न्हाई पुरा. हे पोटातच ठरतंय. मालिश करून काई होत न्हाई, उगं लेकराला तरास. मायला सांग, तिचा काई दोष न्हाई."

येताना बसमध्ये मी ते तोंडपाठ केलं होतं. पण घरी पोचले तर पालमचे पाहुणे ठरल्याच्या दोन दिवस आधीच येऊन बसलेले, मला बघायला. त्यांच्यातल्या म्हातारीनं धाकट्याकडं बघून विचारलं, "हे असं कशानं?" चुलती चटकन म्हणाली, "बाळंतपणात माय तापली, मालिश झाली न्हाई." म्हातारी निवांत झाली. "मंग हाताचा दोष हाय. रक्ताचा न्हाई." तू चहाच्या कपबश्या घेऊन दारात उभी होतीस. तू मान खाली घातलीस. मी पण घातली.

पाहुणे गेल्यावर तू विचारलंस, "काय म्हनला डाक्टर?"

"काई न्हाई. दात उशिरा येतेत म्हनला."

पोटातच ठरतंय म्हटलं असतं तर सोयरीक मोडली असती. रक्तातलं बहुधा नसतंच ते, हे मला पुढं कळलं, पण तेव्हा मला पोट एवढंच ऐकू आलं होतं. घरात सगळ्यांना स्वस्त पडला तो तुझा दोष, आणि सगळ्यात जास्त मला. धाकट्याला जाऊनही आता सात वर्षं झाली. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून हे वहीत लिहिते आहे. वही कुणाला दाखवणार नाही.

लग्न वैशाखात झालं. ठरवलं होतं, पंचमीला माहेरी आले की सांगायचं, आता कोण मोडतंय. आले. आठ दिवस राहिले, मैत्रिणींबरोबर झोके घेतले, बांगड्या भरल्या. समोर तू रोज सकाळी त्याला पायांवर घेत होतीस. दिवाळीच्या आत तू गेलीस. तेव्हापासून मी स्वतःला सांगत आले की माझा धीर झाला नाही. ते खरं नाही, माय. त्या आठ दिवसांत मला ती गोष्ट आठवलीच नाही. मी सुखात होते.