‘काम झालं’ असं छापून आलं

४ एप्रिल, देवास
धारहून अक्काचा फोन. आई गेल्यानंतरची ही पहिली चैत्रगौर. हळदीकुंकू अठराला. गौरीच्या झोपाळ्याचं गाणं आई म्हणायची, बाकी कुणाला दोन ओळींपुढे येत नाही. अक्का म्हणाली, "निळू, तू आईच्या फोनमध्ये रेकॉर्ड केलं होतंस ना?" केलं होतं. अजून ऐकलेलं नाही. धीर होत नाही. ते तिला कशाला सांगायचं? "घेऊन येतो" म्हणालो.

६ एप्रिल
निश्चय. गाणं फोनच्या कार्डावरून पेनड्राइव्हवर घ्यायला C मध्ये प्रोग्राम लिहायचा. माउसनेही होतं. पण कॉलेजात C शिकवणारा माणूस आईचं काम माउसने करणार? कॉपी झाली की प्रोग्राम कार्डावरची मूळ फाइल पुसेल. फोन चिऊला द्यायचा आहे. लेकीला रिकामा द्यावा.

८ एप्रिल
प्रोग्राम तयार. शेजारच्या टेबलावरचा दीपेश डोकावला. "भिया, fwrite ने क्या लौटाया, देखा के नी?" fwrite हे फाइल लिहिणारं फंक्शन काम झालं की फसलं ते परत सांगतं, ते तपासायचं असतं, हे मला माहीत आहे. न तपासणाऱ्या मुलांचे मी मार्क कापतो. पण ती परीक्षा. हे घरचं. तरी उद्या घालीन.

९ एप्रिल
घातलं नाही. प्रॅक्टिकलचे मार्क भरायचे होते. प्रोग्राम चालवला. शेवटी पडद्यावर ‘काम झालं’ असं छापून आलं. काहीही झालं तरी ते छापायचं, असं मीच लिहिलं होतं म्हणा. फाइल लावून बघणार होतो. नको वाटलं. धारला सगळ्यांबरोबर ऐकू.

१८ एप्रिल, धारहून परतताना, बस
पन्हं, आंब्याची डाळ, बायका जमलेल्या. शेजारच्या उमाबाईंनी डोळ्याला पदर आधीच लावला होता. पेनड्राइव्ह लावला. काही नाही. अक्का म्हणाली, "आवाज मोठा कर." केला. फाइल शून्याची. पेनड्राइव्ह आधीच प्रश्नपत्रिकांनी भरलेला. शेवटी बायकांनी येत होत्या त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा म्हटल्या. अक्काने मला डाळ जास्त वाढली.

१९ एप्रिल
हल्ली पेनड्राइव्हला दर्जा राहिलेला नाही.
मूळ फाइल मीच पुसली. जेवण गेलं नाही.

२१ एप्रिल
दीपेशने कार्ड बघितलं आणि हसायलाच लागला. कार्डाच्या अडॅप्टरला लॉकची खुंटी असते, ती लागलेली. म्हणजे माझं पुसणंही फसलं होतं. "वो भी चेक नी किया! अच्छा हुआ भिया!" फाइल शाबूत. एकूण प्रोग्राम तितका वाईट नव्हता. अक्काला लगेच कळवलं: अक्षय्य तृतीयेला, गौर उठायच्या आत गाणं घेऊन येतो. ती रडली. म्हणाली, "सगळ्यांना परत बोलावते."

२२ एप्रिल
प्रत्येक ठिकाणी तपासणी घातली. कॉपी नीट झाली. बाइटला बाइट जुळला. ऐकणं तेवढं राहिलं.

ऐकलं.

आई म्हणते, "अरे, होतंय का नीट, बघ आधी." मी म्हणतो, "होतंय गं, तू म्हण." ती खाकरते. फोन टुंग वाजतो. "हे कसलं रे वाजलं?" "काही नाही. म्हण तू." आई श्वास घेते.

तिथे संपतं. मेमरी भरली होती. पुढे तिने सगळं गाणं म्हटलं होतं. मी फोन धरून उभा होतो.

फाइल पूर्ण आहे. एरर कुठेही नाही.

अक्काचे मिस्ड कॉल आहेत. उद्या करतो.